यश आणि अपयश इंग्रजीत सांगताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना आणि तरुणांना इंग्रजी शिकवताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. विचारणाऱ्यांत निकालाची वाट पाहणारी दहावी-बारावीची मुले आहेत, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तरुण आहेत, आणि स्वतः इंग्रजी पाचवीपासून शिकलेले, पण पहिलीपासून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास घेणारे पालकही आहेत. इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे ती वाचता वाचता मोठ्याने म्हणता येतील.

‘सक्सेस’ आणि ‘फेल्युअर’ हे शब्द शाळेपासून माहीत आहेत. तरीही वाक्य करताना अडखळायला का होते?

कारण मराठीत यश ही माणसाकडे चालत येणारी गोष्ट आहे. ‘मला यश आले’, ‘तिला यश मिळाले’, ‘त्याच्या पदरी अपयश पडले’ असे आपण म्हणतो. यश किंवा अपयश कर्त्याच्या जागी बसते आणि माणूस बाजूला राहून ते स्वीकारतो. इंग्रजीत बहुधा माणूसच कर्ता होतो आणि क्रियापद त्याचे असते: ‘शी सक्सीडेड’, ‘ही फेल्ड’. मनात मराठी वाक्य धरून शब्दामागे शब्द ठेवत गेले की ‘आय गॉट सक्सेस’ असे वाक्य तयार होते. ते आपल्याकडे सर्वांना समजते, परंतु भारताबाहेरच्या वाचकाला खटकते; तेथे ‘आय सक्सीडेड’ किंवा ‘आय वॉज सक्सेसफुल’ असेच म्हटले जाते.

दुसरी अडचण शब्दाच्या रूपांची आहे. ‘सक्सेस’ हे नाम, ‘सक्सीड’ हे क्रियापद, ‘सक्सेसफुल’ हे विशेषण आणि ‘सक्सेसफुली’ हे क्रियाविशेषण, ही चारही रूपे एकत्र शिकली नाहीत तर नामालाच क्रियापद समजून ‘आय विल सक्सेस इन माय लाइफ’ असे लिहिले जाते, आणि निबंधाच्या वह्या तपासताना या विषयातली हीच चूक मला सर्वांत जास्त आढळते. तेथे ‘आय विल सक्सीड’ हवे. शिवाय यशाबद्दल सर्वसाधारणपणे बोलताना ‘सक्सेस’च्या आधी ‘ए’ लागत नाही, पण एखादा कार्यक्रम किंवा उपक्रम यशस्वी झाला असे सांगताना ‘ए’ लागतो: ‘द प्रोग्रॅम वॉज ए सक्सेस’.

‘आय ॲम पास’ हे चुकीचे का आहे?

मराठीत ‘पास’ हा शब्द आपण विशेषणासारखा वापरतो आणि त्याला ‘झालो’ जोडतो. त्याला आपण इतके आपलेसे केले आहे की फारसीतून आलेला ‘ना’ पुढे लावून ‘नापास’ असा नवा शब्दही घडवला, आणि तो मूळ इंग्रजीत कोठेही सापडणार नाही. इंग्रजीत मात्र ‘पास’ आणि ‘फेल’ ही येथे क्रियापदे आहेत. त्यामुळे ‘आय पास्ड’, ‘ही फेल्ड’ एवढेच पुरते. ‘ही गॉट फेल्ड’ म्हणण्याची गरज नाही. परीक्षेचे किंवा विषयाचे नाव थेट पुढे येते: ‘आय पास्ड द एक्झॅम’, ‘शी फेल्ड मॅथ्स’. मध्ये ‘इन’ घालण्याची आपली सवय ‘गणितात नापास’ यातल्या ‘त’ या प्रत्ययातून आली आहे.

याच कुटुंबातले आणखी दोन शब्दप्रयोग जपून वापरावेत. ‘परीक्षा दिली’ याचे ‘गेव्ह द एक्झॅम’ असे रूपांतर केले, तर भारताबाहेरचा माणूस तुम्हाला परीक्षा घेणारे शिक्षक समजेल. विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘सिट’ करतो. आणि ‘आय पास्ड आउट इन 2019’ याचा आपल्याकडचा अर्थ पदवी पूर्ण झाली असा असला, तरी इतरत्र पहिला अर्थ शुद्ध हरपली असा घेतला जातो. म्हणून ‘आय ग्रॅज्युएटेड इन 2019’ म्हणावे. ‘एटीकेटी’ हा ‘अलाउड टु कीप टर्म्स’चा संक्षेप आपल्या विद्यापीठांच्या आवारात सर्वांना कळतो, पण परराज्यातल्या कंपनीत किंवा परदेशी विद्यापीठाला लिहिताना ‘आय हॅव टु रीटेक वन पेपर’ असे सरळ लिहिणे बरे.

‘सक्सीड’नंतर ‘टु’ येते की ‘इन’?

‘इन’ येते, आणि त्यापुढच्या क्रियापदाला ‘इंग’ लागते: ‘शी सक्सीडेड इन गेटिंग ॲडमिशन’. ‘सक्सीडेड टु गेट’ हे चूक आहे. ज्यांना ‘टु’ची सवय सोडवत नाही त्यांनी ‘मॅनेज’ वापरावे, कारण त्याला ‘टु’च हवे असते: ‘शी मॅनेज्ड टु गेट ॲडमिशन’. येथे खटपट करून, अडचणीतून वाट काढून काम साधले अशी छटा येते, आणि आपल्याला सांगायचे असते तेही बहुतेक वेळा तेच.

येथेच ‘कुड’बद्दल सांगायला हवे. ‘मी पास होऊ शकलो’ याचे ‘आय कुड पास’ होत नाही. ऐकणाऱ्याला त्यातून ‘मी पास होऊ शकेन’ अशी शक्यता ऐकू येते. भूतकाळात एकदा साधलेल्या गोष्टीसाठी ‘आय वॉज एबल टु पास’ किंवा ‘आय मॅनेज्ड टु पास’ वापरावे. नकारात मात्र ‘आय कुडन्ट पास’ बिनचूक आहे.

बँकेच्या नोटिशीत ‘इफ यू फेल टु पे’ असे लिहिले होते. आम्ही प्रयत्न करून अपयशी ठरलो असे बँकेला म्हणायचे आहे का?

नाही. ‘फेल टु’ या जोडीत प्रयत्न झालाच असेल असे नाही. जे करणे अपेक्षित होते ते झाले नाही, एवढाच तिचा अर्थ. म्हणून ‘इफ यू फेल टु पे बाय द ड्यू डेट’ म्हणजे ‘मुदतीत रक्कम न भरल्यास’. हल्ली मोबाइलवरच्या संदेशांत ‘भरण्यात अयशस्वी ठरल्यास’ अशी मराठी वाचायला मिळते. ती याच जोडीचा शब्दशः अनुवाद आहे, आणि कर्जाच्या हप्त्याने आधीच बेजार झालेल्या माणसाला ती विनाकारण बोचते. उलट बाजूने ‘ही नेव्हर फेल्स टु कॉल हिज मदर’ यात अपयश कोठेच नाही. आईला फोन करायला तो कधी चुकत नाही, असे त्याचे कौतुक आहे.

आमच्याकडे अपयश म्हणजे आधी पीक. ‘पीक बुडाले’, ‘पावसाने दगा दिला’ हे इंग्रजीत कसे सांगावे?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा मुलाखत असो, आपल्या मुलांना घरची परिस्थिती सांगावी लागते आणि नेमके तेथेच शब्द दगा देतात. एका विद्यार्थ्याने अर्जात वडिलांविषयी ‘माय फादर इज ए फेल्युअर फार्मर’ असे लिहिले होते. त्याला सांगायचे होते ते इतकेच की दोन वर्षे पाऊस झाला नाही आणि सोयाबीन हातचे गेले. त्या वाक्यात व्याकरण चुकले होतेच, पण त्याहून मोठी चूक ही होती की न झालेल्या पावसाचा दोष त्याने वडिलांच्या माथी मारला होता.

यासाठी इंग्रजीत तयार वाक्यरचना आहे आणि ती आपल्या बोलण्याच्या फार जवळची आहे. ‘द रेन्स फेल्ड’, ‘द मॉन्सून फेल्ड’ असे इंग्रजीत सहज म्हणतात. ‘फेल’ हे क्रियापद जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या ‘फाल्लेरे’पर्यंत मागे जाते, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थ फसवणे असा आहे. म्हणजे ‘पावसाने दगा दिला’ असे आपली माणसे पिढ्यानपिढ्या म्हणत आली, तोच भाव या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी आहे. पिकालाही हेच क्रियापद चालते: ‘द क्रॉप फेल्ड’, आणि नापिकीला ‘क्रॉप फेल्युअर’ म्हणतात. शेतकरी कर्ता करायचा असेल तर ‘ही लॉस्ट हिज क्रॉप’ म्हणावे. ‘द फार्मर फेल्ड’ असे म्हटले की दोष माणसाकडे जातो, आणि वस्तुस्थिती तशी नसेल तर ते म्हणू नये. त्या विद्यार्थ्याने शेवटी ‘द रेन्स फेल्ड फॉर टू इयर्स अँड वी लॉस्ट अवर सोयाबीन’ असे लिहिले.

अतिवृष्टीने पीक गेले असेल तर ‘द रेन्स फेल्ड’ चालणार नाही. तेथे ‘हेवी रेन रुइन्ड द क्रॉप’ किंवा माती-पिकासकट सगळे वाहून गेले असेल तर ‘द क्रॉप वॉज वॉश्ड अवे’ हवे. दुबार पेरणीसाठी ‘वी हॅड टु सो अगेन’ हे साधे वाक्य उत्तम आहे. ‘दुष्काळ’ हा आपला शब्द इंग्रजीत दोन ठिकाणी वाटला जातो: पाण्याचा दुष्काळ तो ‘ड्राउट’, आणि माणसे अन्नावाचून राहतात तो ‘फॅमिन’. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या परिस्थितीला ‘ड्राउट’ म्हणायचे. 1972च्या दुष्काळाविषयी आजी-आजोबांकडून ऐकलेले सांगताना अन्नाच्या टंचाईचा उल्लेख करायचा असेल, तर ‘फूड वॉज स्केअर्स’ असे स्पष्ट सांगावे.

पैशांच्या बाबतीत तोटा झाला म्हणजे ‘वी मेड ए लॉस’, आणि नुसता खर्च निघाला, हाती काही उरले नाही, म्हणजे ‘वी ब्रोक ईव्हन’. हा दुसरा शब्दप्रयोग आपल्याकडच्या प्रत्येक शेतकरी घरातल्या मुलाला यायला हवा, असे मला वाटते, कारण घरी ऐकलेले ‘निदान खर्च तरी निघाला’ त्यात पूर्णपणे उतरते.

‘भाव पडला’ म्हणताना ‘प्राइस फेल’ असे म्हणतात. मग भाव नापास झाला का?

हे दोन वेगळे शब्द आहेत. देवनागरीत लिहिल्यावर ते सारखे दिसतात एवढेच. पडणे या अर्थाच्या ‘फॉल’चा भूतकाळ जो ‘फेल’, त्यातला ‘ए’ आखूड उच्चारायचा. अपयशाच्या ‘फेल’मधला ‘ए’ लांबवायचा आणि शेवटी जीभ किंचित ‘इ’कडे न्यायची, ‘फेइल’सारखी. मराठीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ यांत अर्थभेद नसल्यामुळे आपल्या कानाला हा फरक आपोआप कळत नाही. तो मुद्दाम ऐकून घोटावा लागतो. उच्चाराबाबत आणखी एक गोष्ट म्हणजे ‘सक्सेस’ आणि ‘सक्सीड’ या दोन्हींत जोर शब्दाच्या दुसऱ्या तुकड्यावर (‘सक्-सेस’मधल्या ‘सेस’वर) येतो, तर ‘फेल्युअर’ आणि ‘सेटबॅक’ यांत पहिल्यावर.

‘अचीव्ह’, ‘अकम्प्लिश’, ‘अटेन’, ‘फुलफिल’ यांत काय फरक आहे?

अर्थ जवळजवळचे आहेत. फरक त्यांच्या सोबत्यांत आहे. ध्येय ‘अचीव्ह’ करतात, हाती घेतलेले काम ‘अकम्प्लिश’ करतात, स्वप्न किंवा दिलेला शब्द ‘फुलफिल’ करतात. ‘अटेन’ हा बराच औपचारिक शब्द असून एखादी पातळी, वय किंवा दर्जा गाठण्यासाठी येतो. बोलताना पहिले तीन पुरेसे आहेत.

‘इंडिया वन ऑस्ट्रेलिया’ असे म्हटल्यावर सर हसले. का?

‘विन’पुढे जे जिंकले ते येते, म्हणजे सामना, चषक किंवा बक्षीस. ज्याला हरवले तो ‘बीट’पुढे येतो. 25 जून 1983 रोजी लॉर्ड्सवर झालेला अंतिम सामना घ्या: ‘इंडिया वन द वर्ल्ड कप’, आणि ‘इंडिया बीट द वेस्ट इंडीज बाय 43 रन्स’. हरणाऱ्या बाजूने सांगायचे तर ‘द वेस्ट इंडीज लॉस्ट बाय 43 रन्स’. खेळाच्या बातम्या रोज वाचल्या तर ही तीन क्रियापदे वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

मुलाखतीत ‘तुमच्या अपयशाविषयी सांगा’ असे विचारले तर कोणते शब्द वापरावेत?

आपली मुले यशाचे शब्द भरपूर पाठ करतात आणि अपयशाचा एकच शब्द घेऊन मुलाखतीला जातात, त्यामुळे या प्रश्नावर ती गप्प होतात किंवा स्वतःला प्रमाणाबाहेर दोष देतात. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत या साखळीत तीन-चार वर्षे घालवलेल्या तरुणाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते त्याने मोजक्या, नेमक्या शब्दांत सांगावे.

पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झालो, पण मुख्य परीक्षेत निवड झाली नाही, हे ‘आय क्लिअर्ड द प्रिलिम्स, बट आय डिड नॉट गेट थ्रू द मेन्स’ असे सांगता येते. थोडक्यात हुकले असेल तर ‘आय मिस्ड द कट-ऑफ बाय टू मार्क्स’. ‘तीन अटेम्प्ट दिले’ याचे ‘गेव्ह थ्री अटेम्प्ट्स’ करू नये. ‘अटेम्प्ट’बरोबर ‘मेक’ येते, म्हणून ‘आय मेड थ्री अटेम्प्ट्स’. वाटेत आलेला अडथळा, ज्याने माणूस मागे पडला पण संपला नाही, त्याला ‘सेटबॅक’ म्हणतात, आणि ‘फेल्युअर’ऐवजी पुष्कळदा हाच शब्द खरा असतो. ठरवलेली गोष्ट जुळून आली नाही तर ‘इट डिडन्ट वर्क आउट’. अपेक्षेला कमी पडलो तर ‘आय फेल शॉर्ट’, आणि येथला ‘फेल’ पडण्याचा आहे, आखूड उच्चाराचा. बोलणी किंवा व्यवहार शेवटच्या टप्प्यात फिसकटला तर ‘द डील फेल थ्रू’, यातही तोच.

चूक स्वतःची असेल तर ती झाकू नये. ‘आय डिड नॉट प्रॅक्टिस आन्सर रायटिंग इनफ’ हे वाक्य कितीतरी सुभाषितांपेक्षा मुलाखत घेणाऱ्याला अधिक सांगते, आणि त्यापुढे काय बदल केला हे जोडले की उत्तर पुरे होते.

मुलाला ‘यू आर ए फेल्युअर’ म्हणणे एवढे वाईट आहे का? आम्ही मराठीत ‘नापास झालास’ म्हणतोच की.

होय, वाईट आहे, आणि कारण व्याकरणात दडलेले आहे. ‘यू फेल्ड’ हे एका परीक्षेचे विधान आहे. ती परीक्षा संपली, विधानही संपले. ‘ए फेल्युअर’ हे नाम माणसाला चिकटवले की ते त्याच्या साऱ्या आयुष्याविषयी बोलते. मराठीतल्या ‘नापास झालास’चे खरे इंग्रजी ‘यू फेल्ड द एक्झॅम’ एवढेच आहे. मी स्वतः महाविद्यालयात असताना एका शिक्षकांनी माझ्या वहीवर हे नाम लाल शाईने लिहिले होते. विषय इंग्रजीच होता. त्यांना कदाचित ‘नापास’ एवढेच लिहायचे होते, पण मी ते कोशात पाहिले आणि पुढे बराच काळ ते बरोबर वागवले. म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की हा शब्द प्रयत्नासाठी वापरावा, यंत्रासाठी वापरावा, पिकासाठी वापरावा. लेकरासाठी वापरू नये.

आपल्या म्हणी आणि वाक्प्रचार इंग्रजीत कसे न्यावेत?

शब्दशः नेऊ नयेत. त्या प्रसंगात इंग्रजी माणूस काय म्हणेल ते शोधावे. ‘काठावर पास झालो’ याला ‘आय स्क्रेप्ड थ्रू’ हा चपखल जोडीदार आहे. सहज, विनासायास उत्तीर्ण होणे म्हणजे ‘सेल थ्रू’. ‘विथ फ्लाइंग कलर्स’ हा शब्दप्रयोग फडकत्या निशाणांनिशी बंदरात येणाऱ्या जहाजांवरून आला आहे, त्यामुळे तो झळझळीत यशासाठीच राखावा. चाळीस टक्क्यांना तो शोभत नाही. ‘सगळे मुसळ केरात’ याचा भाव ‘ऑल अवर एफर्ट्स वेअर इन व्हेन’ किंवा ‘इट ऑल केम टु नथिंग’ यात येतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली तर ‘वी वेअर बॅक टु स्क्वेअर वन’.

‘हातातोंडाशी आलेला घास गेला’ याला मात्र मला आजवर पूर्ण समाधान देणारे इंग्रजी सापडले नाही. ‘वी लॉस्ट द क्रॉप जस्ट बिफोर द हार्वेस्ट’ यात अर्थ येतो, घास येत नाही. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ याचे इंग्रजी रूप सर्वांना पाठ असते. ते इतक्या निबंधांत येते की परीक्षकाचे त्याकडे लक्षही जात नाही. त्याजागी स्वतःचा एखादा प्रसंग लिहावा.

‘सक्सीड’चा अर्थ कोशात ‘नंतर येणे’ असाही दिला आहे. तो कोठून आला?

तोच मूळ अर्थ आहे. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ मागोमाग येणे असा होता, आणि इंग्रजीत पूर्वी ‘सक्सेस’ म्हणजे कोणताही परिणाम, बरा किंवा वाईट. आज राजगादी, पद किंवा वारसा यांच्या संदर्भात हा अर्थ टिकून आहे. आपला प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा उदाहरण तेथलेच घेऊ: ‘मीर उस्मान अली खान सक्सीडेड हिज फादर इन 1911’. येथे ‘इन’ आणि ‘इंग’ची जोडी नाही, थेट व्यक्ती पुढे आली आहे, आणि अर्थ ओळखण्याची खूण हीच आहे.

इतके शब्द लक्षात कसे ठेवावेत?

सुटा शब्द आणि समोर मराठी अर्थ अशी यादी करू नये. शब्दाला त्याच्या सोबत्यासह, स्वतःच्या आयुष्यातल्या खऱ्या वाक्यात लिहावे. ‘मॅनेज्ड टु’ शिकलात तर आज काय साधले ते त्याच रात्री लिहा. तेच वाक्य दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने वही न पाहता आठवून पाहा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की शिकलेले सुरुवातीला फार वेगाने विसरले जाते. म्हणून पहिली उजळणी लांबवू नये. दिवसाला तीन वाक्ये पुरेत.

निकालाच्या दिवशी मित्राला काय म्हणावे?

उत्तीर्ण झाला असेल तर ‘काँग्रॅच्युलेशन्स ऑन युअर रिझल्ट’; येथे ‘फॉर’पेक्षा ‘ऑन’ बरोबर. शेवटचा ‘स’ विसरू नये. नापास झाला असेल तर ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’ म्हणण्याची घाई नको, कारण ते वरवरचे वाटू शकते. ‘आय ॲम सॉरी इट डिडन्ट वर्क आउट’ म्हणावे. येथे ‘सॉरी’ ही माफी नसून ‘वाईट वाटले’ असा तिचा अर्थ आहे. त्यानंतर त्याला बोलू द्यावे, आणि तो बोललाच तर ‘व्हॉट वुड यू लाइक टु डू नाऊ?’ असे विचारावे.